टोंगाचं पुस्तक

आज माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात टोंगा बेटांवरची एक विद्यार्थिनी आली. पाद्र्यांनी तिथे गेल्यावर सुरुवातीच्या काळात तिच्या भाषेत छापलेलं प्रार्थनेचं पुस्तक मी रद्दीतून वाचवलं होतं. ते दाखवायला गेलो, तर एका कॉलेजच्या ग्रंथपालांनी "कागदाच्या लगद्याला द्या हो" म्हणून मला वाटेला लावलं होतं. तो राग अजून उतरलेला नाही. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते उघडलंच नाही, नाकाला लावून खोल श्वास घेतला. मी भडकलो.

"ओल शोधताय? भाव पाडायचा नाही, बाई!"

ती हसली. "काका, आमच्याकडे आजीला असंच, नाक लावून श्वास घेत भेटतात."

मग ती मोठ्याने वाचू लागली. एक अक्षर कळेना, तरी अंगावर काटा आला! पाद्री आपला देव द्यायला गेले, पण तो सांगायला शब्द त्यांना तिथल्या आज्यांकडूनच घ्यावे लागले. जन्मभर घासाघीस केली, पण असा सौदा पाहिला नाही. ज्यांच्याकडून शब्द घेतले, त्यांचेच शब्द छापून जपले गेले.

"आमच्या गावात याची एकही प्रत उरली नाही. पानांचे फोटो काढून तिकडे पाठवू?" तिने भीत भीत विचारलं.

"पाठवा की! आधी पुढचं पान वाचा," म्हणत मी शटर अर्धं खाली ओढलं. मध्येच गिऱ्हाईक नको होतं.