बाबांनी पडद्यावर पाहून काढलेला फोटो

सावली गावातला आमचा फोटो स्टुडिओ बाबांनी सुरू केला. त्यांच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून मी चालवते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी कंप कमी झाला, गेला नाही. डोळ्याला लावलेला कॅमेरा भुवईवर आपटायचा, म्हणून त्यांनी तो हातात घेणंच सोडलं.

मग मी थरथर सावरणारी लेन्स घेतली. तिच्या आतलं एक भिंग हाताच्या उलट दिशेला सरकतं, त्यामुळे चित्र जागेवर राहतं. बाबांसाठी घेतली असं नाही. मंडपातल्या कमी उजेडात मलाच ती हवी होती. एका दुपारी बाबांनी कॅमेरा सहज उचलला, मागच्या पडद्यावर समोरची खिडकी धरली आणि बटण अर्धं दाबलं. लेन्समधून बारीक घरघर आली आणि हलणारी खिडकी थांबली. ते बराच वेळ पाहत राहिले.

त्याच आठवड्यात तळ्यावर मासे धरणारं एक म्हातारं जोडपं आलं. त्यांच्या लग्नाचे फोटो बाबांनी काढले होते. आता त्यांना आपल्या डोंग्याजवळ, म्हणजे लहान लाकडी होडीजवळ, उभं राहून एक फोटो हवा होता.

"भाऊ, तुमीच काढा," बाई म्हणाल्या. "पोरगी चांगलीच काढते, पण आमचा तुमीच काढा."

बाबांनी हात पुढे करून दाखवला.

"दिसते ना," त्या म्हणाल्या. "आमचे पायबी तसेच झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. बाबांनी पडद्यात पाहून दोघांना चौकटीत घेतलं आणि कॅमेरा जरासा उजवीकडे नेला. चित्र आधी अडून राहिलं, मग एकदम घसरलं.

"हे काऊन असं करून राह्यलं? मी सरकलो, चित्र नाई सरकलं."

"त्याले वाटते तुमचा हातच हालला," मी म्हटलं. "जरा थांबा, मग येते."

त्यांनी थांबून बटण दाबलं. फोटोत डोंग्याचं टोक कापलं गेलं होतं.

"टोक मी घेतलं होतं."

"क्लिक होताना आतलं भिंग मधोमध येते बाबा, चौकट थोडी सरकते. कडेले जागा सोडून घ्या."

"म्हणजे पाह्यलं ते येत नाई." त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "स्टँड लाव."

स्टँडवर तर चित्र आपोआपच हळूहळू वाहायला लागलं. हात नव्हता, तरी लेन्स थरथर शोधत होती. मी लेन्सवरचं थरथर सावरायचं बटण बंद केलं. चित्र थांबलं. वायरचा रिमोट मी बाबांच्या हातात दिला.

मनातून मला वाईट वाटलं. या लेन्समुळे त्यांना पुन्हा हातात कॅमेरा धरता येईल, अशी आशा त्या खिडकीच्या दुपारपासून मी करत होते.

बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याला डोंग्यावर हात ठेवायला सांगितलं, बाईंना जवळ बोलावलं आणि रिमोट दाबला. डोंगा पूर्ण आला. बाई कॅमेऱ्याकडे न पाहता नवऱ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "अजून एक घ्या."

"नाई. हाच बरोबर आहे."

त्यानंतर काही महिने कोणी जुनं गिऱ्हाईक आलं की बाबा स्टँडमागे खुर्ची टाकून बसायचे. पुढे रिमोटही दाबता येईना, तेव्हा त्यांनी यायचं थांबवलं. आता ते दुपारी अंगणात बसतात आणि मी काढलेले फोटो पाहून कुठे उजेड चुकला ते सांगतात.