सातव्या जागेची माती

अब्बांना लकवा मारला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं त्याची रेघ काढत होते. अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी बुटांचं माप पाठवायचं होतं. उजवा पाय झाला होता, डावा राहिला होता, तेवढ्यात अम्मीचा फोन आला. "अब्बा दुकानात पडले. बोलता येऊन नाई राह्यलं त्यायले."

वरोऱ्याला अब्बांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. कापूस-सोयाबीनच्या हंगामात त्यांना जेवायला फुरसत नसायची. उजव्या हातानं वायसर बसवता बसवता तोच हात त्यांच्या अंगाशी लोंबकळत राहिला, असं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. तो हात नंतर कधी पूर्ण उचलला गेला नाही.

मी मातीचं रसायनशास्त्र शिकवते. माझा विषय थंड वाळवंटातली माती. तिथं झाडं नाहीत, गवत नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळून जे थोडं पाणी वाहतं, त्याच्या काठानं मॉस वाढतं, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर येतं तसलं मऊ हिरवं शेवाळ. ते वर्षाचे बहुतेक महिने गोठून पडलेलं असतं. मातीत कुजलेल्या पालापाचोळ्याचा सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो, मग मॉसला नत्र मिळतं कुठून, हा आमचा प्रश्न होता. तो प्रश्न मी लिहिला होता, प्रकल्पाचा अर्ज मी लिहिला होता. निवड झाली तेव्हा आमच्या विभागातल्या मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले होते. मोहिमेत मॅडम आणि मी, आम्ही दोघी जाणार होतो.

दवाखान्यातून घरी आणल्यावर अब्बांना कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. अम्मीचे गुडघे गेलेले, ती एकटी ते करू शकत नव्हती. भाईजान आखातात. मी त्याला फोन केला तेव्हा तो आधी रडला, मग म्हणाला, "मले सुट्टी नाई भेटत गं इतक्यात. पण तू हायेस ना तिथी."

"मी चार महिने नसणार आहे. तुले सांगितलं होतं."

 मग म्हणाला, "आता कशी जाशील तू?"

मला कुणी जाऊ नको म्हटलं नाही. अम्मीनं तर "जा, मी पाहतो" असंही म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी अब्बांना उठवताना ती त्यांच्यासकट पलंगावर पडली. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना कळवलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या केल्या. खूप केल्या, उरल्या.

मॅडम मोहिमेवर एकट्या गेल्या. त्यांच्यासाठी मी एक वही करून दिली: माती कुठली घ्यायची, किती खोलवरची, पिशवीवर काय लिहायचं, आजूबाजूला काय काय बघून नोंदवायचं. सोबत प्रत्येक जागेचे चार बाजूंनी फोटो काढायचे. ती वही लिहिताना मी मनानं त्या सगळ्या जागांवर उभी राहून आले होते.

ते चार महिने मी वरोरा-चंद्रपूर एसटीनं ये-जा करत काढले. पहाटे उठून अब्बांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, व्यायाम करून घ्यायचा, मग बस. रस्त्यात कोळशाचे ट्रक, खिडकीवर काळी धूळ. कॉलेजात तीन तास शिकवायचं आणि पुन्हा बस. अब्बा दिवसभर खिडकीजवळच्या पलंगावर असत. मी घरी आले की ते माझ्याकडे असे बघत की मला चीड यायची. ते काही मागत नव्हते. त्याचीच चीड यायची. एकदा मी त्यांचा पाय सरळ करताना जोर जास्त लावला. ते कळवळले. मी सॉरी म्हटलं नाही, आणि ती गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

मार्चमध्ये मॅडम परतल्या. त्यांचा रंग रापला होता, नाकावरची कातडी निघाली होती. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "तू यायला हवी होतीस गं." मी "हो ना" म्हटलं. नमुने थंड पेटीतून आले होते. मॉसचे छोटे तुकडे काळपट, कोरडे, चहाच्या चोथ्यासारखे दिसत होते. एक तुकडा काचेच्या बशीत ठेवून त्यावर मी थेंब थेंब पाणी टाकलं. बघता बघता पानं उलगडली, आणि थोड्या वेळात बशीत हिरवा रंग होता. बाहेर चंद्रपूरचं ऊन पेटलं होतं, वीज गेली होती, घामानं माझा कुडता पाठीला चिकटला होता. मी त्या बशीजवळ बसून रडले. मॅडमना वाटलं, आनंदानं.

मातीचं काम मी एकटीनं केलं. सामू म्हणजे पीएच, क्षार, कर्ब, नत्र. नऊ जागांची माती होती. आठ ठिकाणी नत्र अपेक्षेइतकंच कमी निघालं. सातव्या जागेच्या मातीत ते कितीतरी पटीनं जास्त होतं. मॉसही तिथंच सगळ्यात दाट. मला वाटलं माझी चूक झाली. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. उत्तर तेच.

"मॅडम, सातव्या जागेजवळ काय होतं?"

"काय म्हणजे? दगड."

"पक्षी? पेट्रेलची घरटी?" तिथले हे पांढरे समुद्री पक्षी खडकांच्या कपारीत घरटी करतात. त्यांच्या विष्ठेतून मातीला नत्र मिळतं, हे माहीत होतं.

मॅडमनी वही उघडून दाखवली. त्यांच्या नीट अक्षरात लिहिलं होतं: पक्षी नाहीत.

"नीट आठवून बघा ना."

"अगं, वारा इतका होता की डोळे उघडत नव्हते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता. "पुढच्या वेळी तू जा आणि तू बघ."

त्यांनी ते मुद्दाम टोचायला म्हटलं नव्हतं. पण त्या दिवशी बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या मातीचा कण न् कण मला माहीत होता, आणि मान वर करून आजूबाजूला बघायची सोय नव्हती. ज्यांनी बघितलं त्यांना ते आठवत नव्हतं. ज्या बाईला हजार प्रश्न होते ती वाटेतल्या भद्रावतीच्या स्टँडवर, एसटीच्या खिडकीशी, गर्दी चढायची वाट बघत बसली होती.

एका रविवारी दुपारी मी अब्बांच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले होते. एका हातानं त्यांना दहीभात भरवत होते, दुसऱ्या हातानं सातव्या जागेचे फोटो पुढे सरकवत होते. शंभरदा पाहिलेले फोटो. अब्बा घास घ्यायचे थांबले.

"कबुतर," ते म्हणाले. त्यांची जीभ जड होती, शब्द ओला होऊन यायचा.

"काय?"

"कबुतर बसते. तिथी."

"अब्बा, अंटार्क्टिकात कबुतर नाई राहत. खाऊन घ्या."

त्यांनी डाव्या हातानं माझा चमचा बाजूला सारला. फोटोत मॉसच्या मागं, वर, एक काळा खडक होता. त्याला चीर होती आणि चिरेखालून एक पिवळट पांढरी रेघ ओघळली होती. मी ती क्षाराची रेघ समजत होते. वितळलेलं पाणी सुकलं की तसे पांढरे डाग पडतात. अब्बांनी रेघेवर बोट ठेवलं. मग तेच बोट खिडकीबाहेर केलं. समोरच्या घराच्या रोशनदानात, भिंतीतल्या वरच्या झरोक्यात, कबुतरं बसायची आणि खाली भिंतीवर तसाच ओघळ होता. सात महिने ते ती भिंत बघत होते.

"बीट हाये ते," ते म्हणाले. "पाखराची."

मी फोटो मोठा केला. क्षार असते तर भिजलेल्या सगळ्या खडकावर पसरले असते. हा ओघळ एकाच चिरेतून निघाला होता. डोक्यात पुढचं आपोआप आलं: पक्ष्यांची विष्ठा असेल तर मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही, जास्त असणार. आणि स्फुरद मी तपासलंच नव्हतं.

सोमवारी पहिल्या बसनं गेले. सातव्या पिशवीत जेमतेम चमचाभर माती उरली होती. चुकलं असतं तर परत करायला काही नव्हतं. परीक्षानळीतला, स्फुरद दाखवणारा निळा रंग चढत गेला, बाकी आठही जागांपेक्षा गडद झाला. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझ्याकडून सुटलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्याकडूनही.

पुढच्या वर्षीच्या तुकडीतल्या एकाला आम्ही विनंती केली. त्यानं कपारीत टॉर्च मारून पाहिलं आणि कळवलं: घरटं आहे, रिकामं, फार जुनं. तिथल्या थंडीत काही कुजत नाही, विष्ठाही वर्षानुवर्षं तशीच राहते. पक्षी कधीच निघून गेले होते आणि मॉस त्यांच्यावर जगत होतं. आमचा लेख छापून आला. त्यात अब्बांचे आभार मानायचे होते, पण कशाबद्दल ते दोन ओळींत लिहिता येईना, आणि ते राहून गेलं.

घरी मी त्यांना ते घरट्याचं सांगितलं तेव्हा ते हसले, तोंडाच्या एका बाजूनं. मग विचारलं, "माह्याच्यानं अटकली ना तू?"

वर्षाहून जास्त काळ हा प्रश्न ते डोळ्यांनी विचारत होते आणि मी "काही बी काय" म्हणून उठून जात होते. त्या दिवशी उठले नाही. "हो," म्हटलं.

अम्मी आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. अब्बांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण हलकेपणाही होता. खरं उत्तर मिळालेल्या माणसाचा.

"मी बी अटकलो," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो, भांडायलाही लागलो. भाईजानला मी सुट्टी मागायला लावली. तो चाळीस दिवसांसाठी आला, अब्बांना आंघोळ घालताना एकदा घसरला आणि दोघंही न्हाणीत हसत बसले होते. पण मोहीम चार महिन्यांची असते. मी पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, नाव प्रतीक्षायादीत आहे. अब्बांना सांगितलं.

"मंग?"

"मंग काही नाई. उद्या कॉलेजात परीक्षा हाये, सकाळची बस पकडा लागते."