गप्प बसणाऱ्याला बोंबील

सुक्या बोंबलाचा वास आला की मला आमच्या अंधेरीच्या सोसायटीचे जुने चेअरमन आठवतात. आमचा कुत्रा मेंढ्या वळणाऱ्या जातीचा, आणि तिसऱ्या मजल्यावर मेंढ्या कुठून आणायच्या? म्हणून तो माणसं वळायचा, पळणाऱ्याच्या टाचेला बारीक चावा घेऊन. भुंकला की वर्सोव्याहून निघालेल्या होड्या माघारी फिरायच्या. खोटं वाटत असेल तर होड्यांना विचारा! शेवटी चेअरमननी बजावलं, "रविवारी घरी येतो. माझ्यासमोर एकदा जरी भुंकला, तर कुत्रा सोसायटीबाहेर!" आईने पदर खोचला. तो भुंकला की घरातल्या सगळ्यांनी खांबासारखं उभं राहायचं, त्याच्याकडे बघायचंही नाही. गप्प बसला की लगेच बोंबलाचा तुकडा. "गप रव, मगे गावतलो," म्हणजे गप्प राहा, मग मिळेल, हा तिचा मंत्र. रविवारी चेअरमन आले ते चपला न काढता, आणि मुद्दाम पाय आपटत घरभर फिरले. कुत्र्याची नजर टाचांवर, मिशा थरथरतायत, पण तोंडातून हूं नाही. मग तेच कडाडले, "केवढा हा मच्छीचा वास! नोटीस काढतो! वाट लावतो तुमची!" आणि दम लागून थांबले. "शाबास! भाऊ पण गप रवले," म्हणत आईने तुकडा त्यांच्या नाकाखाली धरला. ते असे पळत सुटले की मी पट्टा घट्ट धरला, नाहीतर कुत्र्याने त्यांना वळवून परत आणलं असतं. आता नवे चेअरमन विचारतात, कुत्रा कधी काढताय? मी म्हणतो, घरी या ना, आई आहे.