घड्याळासमोरचा कप

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तकनगरच्या घरी पेपर वाचत होतो. वाईट वाटलंच, पण त्याआधी मनात आलं, बरं झालं, सांगून टाकलं होतं... आदल्याच रविवारी मी डोंबिवलीला त्याच्याकडे जाऊन आलेलो. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्याला सांगितली. आता आमचे डाव पाहिलेल्यांनाही सांगायला हवी.

ऐंशीच्या दशकात बुद्धिबळाच्या जिल्हा अजिंक्यपदासाठी आम्ही लागोपाठ दोन वर्षं समोरासमोर आलो. तो केमिकल कंपनीत पाळ्या करायचा, मी कारकून. पहिल्या वर्षी माझी वेळ संपली, घड्याळातला फ्लॅग पडला, त्याने दावा केला आणि जिंकला. नियमाने बरोबरच होतं. पण पुढे वर्षभर, भेटेल तिथे मी त्याला टोचत राहिलो, "काय चॅम्पियन, पटावर कधी जिंकणार?"

पुढच्या फायनलला कल्याणच्या एका शाळेत पुन्हा आम्हीच. प्रत्येकाने अडीच तासांत चाळीस चाली पुऱ्या करायच्या, नाहीतर हार. डाव त्याच्या हातात होता, आणि माझी चाळिसावी चाल व्हायच्या आधीच माझा फ्लॅग पडला. त्या काळी ते समोरच्यानेच पाहून सांगायचं, पंच बोलत नसत. प्रल्हाद पटावर वाकलेला. मी चहाचा कप उचलून घड्याळासमोर ठेवला आणि मग ती चाळिसावी चाल केली. फ्लॅग चालीआधी पडला की नंतर, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. तासाभराने प्रल्हादचा हत्ती चुकीच्या घरात गेला. करंडक मी घरी आणला, कॉलनीत पेढे वाटले.

नव्वदीत आम्ही स्पर्धा सोडल्या, पण रविवारी त्याच्या घरी पट मांडायचोच. वहिनी चहा आणायच्या. मी कप पटाशेजारी ठेवला की प्रल्हाद तो उचलून खिडकीत ठेवायचा. "सांडेल रे." मला वाटायचं, टापटिपीचा माणूस...

त्या शेवटच्या रविवारी मी कसाबसा सुरू झालो, "प्रल्हाद, त्या फायनलला मी कप..."

"घड्याळासमोर ठेवलेलास. तुला काय वाटलं, मी इतकी वर्षं पट जपत होतो?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"वर्षभर तुझं ऐकलेलं. पुन्हा घड्याळावर जिंकलो असतो, तर जगू दिलं असतंस मला? आणि हत्ती मी घालवला, तुझ्या कपाने नाही." दम घेऊन म्हणाला, "पण सांगायला फार वेळ लावलास हं. तुझा फ्लॅग कधीच पडलाय."

त्याला खोकला येईपर्यंत आम्ही हसलो.

हत्तीचं तो काहीही म्हणो, तो डाव चाळिसाव्या चालीआधीच संपला होता. त्या वर्षीचा विजेता प्रल्हाद. करंडक मी वहिनींकडे पोचवला. त्यांनी तो टीव्हीवर ठेवला आणि चहा आणला. दोन घोट घेऊन मी उठलो आणि कप खिडकीत ठेवून आलो.

"अहो, पट कुठे मांडलाय आता?" वहिनी म्हणाल्या.

"असू दे वहिनी. तिथंच बरा आहे."