मिरचीची धुरी

गोळ्या चालू होत्या तरी माझं मन उतरलेलंच होतं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वेळ लागेल, मधेच सोडायच्या नाहीत. मी सोडल्या नाहीत. सकाळी उठावं वाटायचं नाही. तरी उठायचे, भाकरी थापायचे आणि अहमदपूरला मिरचीच्या कांडपावर कामाला जायचे. तिथं मशीनच्या आवाजात कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला बरं वाटतं.

सासूला माझा चेहरा बघवत नव्हता. "इतक्या गोळ्या गिळून राहिली, तरी तोंड मेल्यावानी. ही बिमारी न्हाई, बाहेरचं हाय." एके दिवशी तिने सगळी पाकिटं फोडून गोळ्या मोरीत टाकल्या आणि वरून बादली ओतली. मी मोरीत हात घातला, तर तिने माझ्या बोटांवर तांब्या हाणला.

गोळ्या एकदम बंद झाल्या आणि डोक्यात झटके बसू लागले. मान वळवली की करंट लागल्यासारखं व्हायचं. उगाच रडू यायचं, राग यायचा. एकदा मी परात भिंतीवर फेकली. सासू मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, आता अंगातलं बोलून राहिलंय."

मग मला जीपमध्ये घालून किल्लारीकडच्या एका खेड्यात भगताकडे नेलं. आमच्या घरात बुद्धांची तसबीर आहे. असलं काही आमच्यात बसत नाही. वाटेत मालक एवढंच म्हणाले, "कुणापाशी बोलू नको. विहारात तोंड दाखवता यायचं न्हाई."

भगताने घमेल्यातल्या निखाऱ्यांवर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि माझे केस धरून तोंड धुरात दाबलं. सासू खोकत बाहेर पळाली. मालकांनी नाकाला रुमाल लावला. भगतसुद्धा ठसकला. माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं. रोज तिखटाच्या धुळीत उभं राहून माझा घसा निबर झालाय.

"खोकत न्हाई बघा!" भगत ओरडला. "लई चिवट हाय. बोल, कोण हायेस तू?"

"मी कांडपावर कामाला हाय," मी म्हणाले.

त्याला वाटलं, भूत चेष्टा करतंय. त्याने कडुलिंबाचा ओला फोक घेतला आणि पाठीवर, दंडावर, मांड्यांवर ओढत सुटला. कातडी फुटली. खोटंखोटं खोकावं, हे मला सुचलंच नाही.

मालक म्हणाले, "महाराज, हाणा, पण आजच काढा. परत यायला सुट्टी न्हाई."

ते ऐकलं आणि मी घमेल्याला लाथ मारली. निखारे उडाले. भगताचं धोतर पेटलं, तो बोंबलत हौदाकडे पळाला. मालकांच्या पायावरही एक निखारा पडला. मला वाईट वाटलं नाही. येताना जीपवाला म्हणाला, "वहिनी, निघालं वाटतं भूत." कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने नांदेडला गेले. वाटेत कुणाकडे मान वर करून बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दंडावरचे वळ बघून विचारलं, "कुणी मारलं?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोलिसांत द्यायचं का?"

"आधी गोळ्या द्या. झटके सहन व्हायनात."

त्यांनी लहान डोसापासून परत सुरू केल्या. पोलिसांचं मी अजून ठरवलेलं नाही.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर मी गोळी तळहातावर घेतली. सासूने झडप घातली. मी तिचं मनगट पकडलं, बांगडी फुटेपर्यंत आवळलं.

"आरं बघ, ही मारून राहिली मला!" ती मालकांकडे बघून ओरडली.

मालक उठले. भाजलेला पाय टेकवेना, तसेच परत बसले.

"आत्याबाई, गिळू द्या," मी म्हणाले, "मग सोडते."

पाणी नव्हतं. गोळी कोरडीच गिळली आणि मग तिचा हात सोडला. मन अजून तसंच आहे. पण आता गोळ्यांना कुणी हात लावत नाही.