दुकानापुढचा मांडव

रॅप कुणाकडून शिकलास, असं मुलाखतीत हटकून विचारतात. त्यांना परदेशातलं एखादं मोठं नाव हवं असतं. मी सांगतो, आईकडून. ते हसतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

माझी आई धवलारीण होती, लग्नविधीची गाणी म्हणजे धवले गाणारी. पेणच्या खालच्या अंगाला, खाडीकडे आमचं गाव आहे. आमच्याकडच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी कुणी हरकत घेत नाही, पण धवलारीण आल्याशिवाय हळद लागत नाही. मांडव घालताना एक धवला, हळदीला दुसरा, नवऱ्याला न्हाऊ घालताना तिसरा. ती गाते आणि त्या गाण्याबरोबर विधी पुढे सरकतो. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी हे सगळं पाठ होतं. नवरा-नवरीची नावं ती चालीत अशी बसवायची की नाव लांब असो की आखूड, कुठे खड्यासारखं लागायचं नाही. मी तिच्या मांडीला टेकून हे ऐकत मोठा झालो. पुढे शहरातली पोरं त्यालाच माझा ‘फ्लो’ म्हणायला लागली.

घरी मात्र तीच आई फटाक्याची माळ होती. वडील मिठागरावर राबून आलेले, दमून गप्प. बोलायचं काम सगळं तिच्याकडे. मी उलट उत्तर दिलं की म्हणायची, “तोंड हाय का गिरन?” कोंबड्यांना, शेजारणीला, एसटीच्या कंडक्टरला, प्रत्येकाला तिच्याकडे वेगळी शिवी होती आणि त्या सगळ्यांना यमक होतं.

शिक्षण संपल्यावर मी रोह्याला एका केमिकल कंपनीत लागलो. बहीण तिथेच वरसे गावात दिलेली, तिच्याकडे राहायचो. शिफ्टवर मास्कच्या आत काही पुटपुटत असायचो, ते बहुतेक आईचंच असायचं. पेणला एका मित्राचं मोबाईलचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आम्ही पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. सुपरवायझरवरचं गाणं, अस्सल आगरी बोलीत, आणि त्यातली निम्मी वाक्यं आईने कधी ना कधी मला सुनावलेली. ते इतकं चाललं की सुपरवायझरनेच मला ते पाठवलं, ‘भारी आहे, ऐक’ म्हणून. त्याला स्वतःची ओळख पटली नाही.

मग कॉलेजांची गॅदरिंग, पनवेल, पुणे, एकदा दुबई. नोकरी सुटली. त्या वेळी आनंद झाला होता हे मला आठवतं. तो आनंद कसा होता, ते आठवत नाही.

गाण्यामागून धंदे आले. नाव झालं की लोक धंद्याचे सल्ले फुकट देतात. पेणला स्टुडिओ टाकला. टोप्या आणि टी-शर्ट काढले. माझ्या नावाचे पापड काढले, तर पेणच्या बायकांनी तोंडावर सांगितलं की पापड लाटणारीच्या हाताने खपतो, गाणाऱ्याच्या तोंडाने नाही. सुकटीची पाकिटं ऑनलाईन विकायला काढली, तर वासामुळे कुरिअरवाला पार्सल उचलेना. मोबाईलची दुकानं, जिम, दाताचे दवाखाने, कशाकशाच्या फिती कापल्या याला गणतीच नाही. सगळ्यांत जास्त खपला तो काळा टी-शर्ट. त्याच्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘तोंड हाय का गिरन?’

आईला तो दाखवला तेव्हा तिने कापड चिमटीत धरून पाहिलं. “धुतल्यावर आटंल,” म्हणाली.

तिचा धवला मला एका गाण्यात हवा होता. खाली बीट, वर तिचा आवाज. मी कितीदा मागे लागलो असेन. ती विचारायची, “तुज्या त्या गान्यात लगीन हाय का कुनाचं?” मी म्हणायचो, नाही. “मंग? मांडव नाय तं धवला नाय.” आणि लगेच पुढचं ठरलेलं, “तुजंच लगीन कर. आख्ख्या गावाच्या पोरांचं गाऊन झालं, तुजं तेवढं ऱ्हायलं.” मी करतो करतो म्हणत राहिलो. दोन-तीन मुली बघितल्या, एकीने मला नाकारलं, एकीला मी. पुढे वडील गेले आणि तो विषय मागे पडला.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय थोडे सुधारले, वाचा गेली. एकच शब्द उरला, ‘बरं’. चहा हवा का, बरं. दुखतंय का, बरं. जन्मात कुणाला बरं न म्हणालेली बाई. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, बोलत राहा तिच्याशी, कधी काय परत येईल सांगता येत नाही. मी बोलत राहिलो. ती माझ्या ओठांकडे बघत राहायची.

तिने परत बोलावं, एवढंच मला हवं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. लिहायला बसलो की काही सुचायचं नाही, कारण सुचायचं ते सगळं तिच्या तोंडून आलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. जुनीच गाणी घेऊन शो करत होतो. समोर हजारभर पोरं एका सुरात ‘गिरन, गिरन’ ओरडायची आणि माझ्या डोक्यात असायचं की हॉटेलच्या गिझरचं बटण बंद केलं का. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं.

त्याच दरम्यान वरसेला कपड्यांचं दुकान काढायचं ठरलं. बहीण सांभाळणार होती, आईही तिच्याकडेच होती. उद्घाटन ऐन लग्नसराईत आलं. डेकोरेटरने फोन केला, “दादा, साधा मंडप एक पण शिल्लक नाय. लग्नाचा सेट हाय, चालंल का?” मी म्हटलं, चालेल. मला काय, सावली पाहिजे होती.

सकाळी जाऊन पाहिलं तर दुकानापुढे लग्न उभं. पिवळा कपडा, दोन बाजूंना केळीचे खुंट, आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, झेंडूची तोरणं. मध्ये चौरंग आणि नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्यासुद्धा. “खुर्च्या कशाला?” मी विचारलं. “सेटमदी येतात,” तो म्हणाला.

बहिणीने आईला व्हीलचेअरवर बसवून आणलं. नवी नऊवारी, डोक्यात अबोली. पाहुणे यायचे होते, स्पीकरवर माझंच गाणं लागलं होतं. मांडवाच्या तोंडाशी आल्यावर आईने चाकावर हात ठेवला. वर कपड्याकडे पाहिलं, आंब्याच्या डहाळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्या दिवशी कुर्ता घातला होता. गळ्यात कुणीतरी हार घातला होता.

आणि तिने धवला धरला.

आवाज आधी फाटका आला, दुसऱ्या ओळीला सरळ झाला. शब्द एकामागून एक, स्वच्छ, एकही न अडखळता. डॉक्टरांनी इतके दिवस कार्डं दाखवून ‘पाणी’ म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला, ते जमलं नव्हतं. आणि इथे सगळा मांडवाचा धवला येत होता, खांबांना, तोरणाला, सगळ्या देवांना बोलावणं करत. बहिणीने धावत जाऊन स्पीकर बंद केला. ती रडत होती. मांडवात जमलेल्या पोरांनी रेकॉर्ड करायला फोन वर केले.

मी ऐकत उभा होतो. नवऱ्याच्या नावाची जागा आली आणि तिथे तिने माझं नाव घातलं. स्टेजवरचं नाही, तिने ठेवलेलं. ते चालीत नेमकं बसलं. इतकी वर्षं ते मनात बसवून ठेवलं असणार.

मग नवरीच्या नावाची जागा आली. तिथे ती थांबली.

ती माझ्याकडे बघत होती. धवलारीण नाव विचारायला थांबते, तशीच थांबली होती. करवलीने पटकन कानात सांगायचं असतं. लोकांनी कुठलाही शब्द फेकावा आणि मी जागच्या जागी त्यावर चार ओळी जुळवाव्यात, यावर तर माझं पोट चालतं. तिथे मला एक नाव सुचलं नाही. खोटं सांगितलं असतं तरी तिला काय कळणार होतं, असं बहीण नंतर म्हणाली. कळलं असतं. लग्नातली नावं ती कधी विसरली नव्हती.

तिने नावाची वाट बघितली. मग म्हणाली, “बरं.”

पाहुणे आले, फीत कापली, पेढे वाटले. दुपारी माझ्या गाण्यांचं मार्केटिंग बघणाऱ्याचा फोन आला. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. “आईंचा आवाज बीटवर घेऊ, जबरदस्त होईल,” तो म्हणाला. मी नको म्हटलं. कारण विचारल्यावर सांगितलं, लग्न नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

घरी नेल्यावर आई पुन्हा गप्प झाली. आम्ही मोबाईलवर धवले लावून पाहिले, बहिणीने स्वतः एक म्हणून पाहिला. काही नाही. दुसऱ्या दिवशी व्हीलचेअर मांडवात नेली, तर गायली. पुन्हा माझ्या नावापर्यंत. पुन्हा थांबली.

डेकोरेटर मांडव सोडायला आला, त्याला मी परत पाठवलं. आता लग्नसराई सरली आहे. पिवळा रंग उन्हाने उडाला आहे, टाळे वाळून खाली आले ते बहीण बदलते. गिऱ्हाईकं मांडवातून वाकून आत जातात आणि काळे टी-शर्ट घेऊन जातात. वरसेची माणसं मला विचारतात, “काय शेठ, लगीन कवा?” हसतात. मीही हसतो.

मी पेणहून आलो की आईला मांडवात आणतो आणि समोरच्या लाल खुर्चीत बसतो. शेजारची खुर्ची तशीच असते. ती गाते. माझं नाव येतं, बसतं. मग ती थांबते, माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि बऱ्याच वेळाने, समजूत घातल्यासारखं म्हणते, “बरं.”

तेव्हा दुखतं. सबंध आठवड्यात तेवढंच काय ते दुखतं. काल डेकोरेटर पुन्हा आला होता, म्हणाला, पाऊस यायच्या आत सोडायला हवा, कपडा कुजेल. मी म्हटलं, कुजू दे, अजून राहू दे.