राजमतीनं टेकवलेली तार

आमच्या शेजारचा रायगोंडा आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत पारखी होता. बोलणं मोजकं, नाक मात्र तिखट. त्याला एकच नाद होता, रेडिओचा. खरा रेडिओ म्हणजे शेठलोकांची चैन. आप्पानं बाजारातल्या सुरमेवाल्याकडून सुरम्याचा चकचकीत खडा आणला, त्यावर बारीक तारेचं टोक टेकवलं, घरातून वखारीच्या छपरापर्यंत दुसरी लांब तार ओढली आणि हेडफोन कानाला लावले. बॅटरी नाही, काही नाही. त्या टोकातून वीज एकाच बाजूनं जाते, उलटी फिरत नाही. तेवढ्यावर मुंबईचं गाणं मुंगीच्या पावलांनी निपाणीत यायचं.

पण त्यासाठी खड्यावरची नेमकी जागा सापडायला हवी. आप्पाला ती तासभर सापडायची नाही, त्याची लेक राजमती, घरातली राजू, तिला चुटकीसरशी सापडायची. ‘तुमचा हात म्हंजी मुसळ’ म्हणून पोर बापाला चिडवायची.

बेचाळीसच्या हिवाळ्यात राजमती विषमज्वरानं गेली. आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी तार तिनंच टेकवली होती. आप्पानं मग त्या खड्याला कुणाचा हात लागू दिला नाही. हादऱ्यानं टोक सरकेल म्हणून घरातलं जातंही बंद केलं. त्याची बायको, पद्मावती आक्का, जोंधळे घेऊन रोज आमच्याकडं दळायला यायची. माझी आई फटकळ. मेलेल्या पोरीपायी जित्या बाईला लोकांचे उंबरे झिजवायला लावतोय, असं आक्काच्या तोंडावर म्हणायची. आक्का रडायचीही नाही, दळत राहायची. त्या घरात कुणाला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. मला त्या घराची भीती वाटायची.

जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. मग आप्पा हेडफोन लावून भिंतीकडं बघत बसायचा. अशी काही वर्षं गेली.

एका संध्याकाळी त्याचा बसल्या जागी डोळा लागला. आक्कानं हेडफोन हळूच काढले आणि सहज आपल्या कानाला लावले. गाणं नव्हतं, खरखरही नव्हती. तेवढ्यात आप्पा जागा झाला.

“कवापासनं बंद हाय?” तिनं विचारलं.

“लई दिस झालं.”

“मग तार जरा हलवायची न्हाय व्हय?”

“ती राजूनं टेकवलीया,” आप्पा म्हणाला.

हे आक्कानंच दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, जोंधळ्याचा भाव सांगावा तसं. आता घरी दळलं असतं तरी काय बिघडणार होतं? पण ती सूप घेऊन आमच्याकडंच आली होती.  आई त्या दिवशी पदर खोचून तिच्यासमोर बसली आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला.